जोड बघा, मग पट्टा बांधा

प्रति,
अध्यक्ष व मानांकन समित्यांचे सर्व सदस्य,
वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन (डब्ल्यूबीए), वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल (डब्ल्यूबीसी), इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन (आयबीएफ) आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन (डब्ल्यूबीओ)



व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेता कोण, हे सांगण्याचा अधिकार तुम्ही चौघांनी आपसांत वाटून घेतला आहे. तो तुम्हाला कुठल्या सरकारने दिलेला नाही आणि बॉक्सरांनी मतं देऊन निवडूनही तुम्ही आलेला नाहीत. तरीही तुमचा पट्टा कमरेला लागला की माणूस जगज्जेता ठरतो. नाही लागला, तर कितीही चांगला असो, दारातच उभा राहतो. एवढी सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांना काही गोष्टी चारचौघांत विचारायला हव्यात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

विजेत्याची किंमत त्याने कोणाला हरवलं यावर ठरते. बॉक्सिंगचा कोणताही जाणता प्रेक्षक हे मान्य करील. पण हरवायला समोर कोण येणार, हे तुमच्या क्रमवाऱ्या ठरवतात. एखाद्या विजेत्याची कारकीर्द पोकळ निघाली की सगळे त्यालाच धारेवर धरतात. निवडून निवडून हलके गडी घेतले, खऱ्या आव्हानवीराला टाळलं, असं म्हणतात. त्या हलक्या गड्यांना पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर बसवून ज्यांनी त्याच्यापुढे पाठवलं, ते मात्र नामानिराळे राहतात. माझा आक्षेप तिथे आहे.

मी महाराष्ट्रातून लिहितो आहे. आमच्याकडे यात्रेच्या फडात कुस्ती लावायची तर आधी जोड बघतात. वय काय, वजन काय, तालीम कोणती, मागे कोणाला चीत केलं आहे. पंच दोघांना शेजारी उभं करतात आणि जोड बसत नसेल तर भोवतालचे लोकच ओरडा करतात. मग कमिटीला ती कुस्ती मागे घ्यावी लागते. आपल्यापेक्षा हातभर लहान पोराला आसमान दाखवणाऱ्या पैलवानाला कोणी फेटा बांधत नाही. त्या फडातल्या माणसांना जे कळतं ते तुमच्या समित्यांना कळत नसेल, असं मला वाटत नाही. कळूनही ते बाजूला ठेवलं जातं, म्हणून दुःख होतं.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा जोखणं सोपं नाही, हे मी आधीच मान्य करतो. रॉकी मार्सियानोचंच बघा. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ मध्ये हेवीवेटचा विजेता असतानाच निवृत्ती. त्याच्यावरचा ठरलेला आरोप असा की त्याने म्हाताऱ्यांना हरवलं. १९५१ मध्ये त्याच्यापुढे आलेला जो लुईस ३७ वर्षांचा होता. १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्याने विजेतेपद घेतलं तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा. १९५५ च्या शेवटच्या लढतीतला आर्ची मूर स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ३८ चा आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे ४१ चा. एझर्ड चार्ल्स तुलनेने तरुण, पण त्याच्या अंगावर तोवर नव्वदच्या वर लढतींचा मार होता. नुसती वयं वाचली तर आरोप बिनतोड वाटतो.

आता २३ सप्टेंबर १९५२ ची फिलाडेल्फियातली रात्र बघा. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली बसला. कारकिर्दीत पहिल्यांदाच. पुढच्या फेऱ्यांत वॉलकॉट मागे सरकत, खांदा फिरवत, अंतर राखत त्याला फसवत राहिला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांपर्यंत मागे आला आणि दोघांनी एकाच क्षणी उजवा हात सोडला. मार्सियानोचा ठोसा जेमतेम फूटभर अंतरातून गेला असेल, पण तो आधी पोचला. वॉलकॉटचा डावा हात मधल्या दोरीत अडकला, त्या दोरीला धरूनच तो हळूहळू गुडघ्यावर आला आणि कपाळ जमिनीकडे टेकवून तसाच राहिला. त्या रात्री जगात वॉलकॉटपेक्षा चांगला हेवीवेट कोण होता? मला एकही नाव सांगता येत नाही. तो ३८ वर्षांचा होता हे खरं, आणि तरीही तो सर्वोत्तम होता हेही खरं.

मूरची गोष्टही तशीच. त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं, नवव्या फेरीत स्वतः हरला आणि लोकांनी त्याला संपलेला धरलं. पण तो संपलेला नव्हता. पुढची कित्येक वर्षं लाइट हेवीवेटचा विजेता तोच राहिला. डिसेंबर १९५८ मध्ये माँट्रियलमध्ये इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं, पाचवीत पुन्हा पाडलं, आणि तरी अकराव्या फेरीत ती लढत मूरने जिंकली. हे पाहिल्यावर १९५५ चा मूर किती भारी होता हे उमगतं. उलट लुईसचं नाव या सगळ्यांत मोठं, पण १९५१ मध्ये तो करांच्या थकबाकीपायी रिंगमध्ये उतरलेला, पाय जड झालेला माणूस होता. मार्सियानोच्या खात्यात लुईसवरचा विजय मी फार मोठा धरत नाही. वॉलकॉटवरचा आणि मूरवरचा धरतो. नाव किती मोठं, वय किती, आधीचा हिशेब किती जिंकल्या-हरल्याचा, यांतलं एकेकटं काहीच पुरत नाही. त्या रात्री तो माणूस कुठल्या अवस्थेत होता, आधी कोणाला हरवून आला होता आणि नंतर त्याने काय केलं, हे सगळं एकत्र ठेवावं लागतं.

हे काम मन लावून केलं तर होतं. समितीत बसून मन लावणं हाच तर तुमचा धंदा आहे.

जो लुईसचा स्वतःचा काळही इथे आठवावा असा आहे. १९३७ ते १९४९ या बारा वर्षांत त्याने २५ वेळा विजेतेपद राखलं. त्यातला १९४० च्या अखेरीपासून १९४१ च्या जूनपर्यंतचा काळ असा की जवळजवळ दर महिन्याला एक आव्हानवीर. वार्ताहरांनी त्या सगळ्यांची टर उडवली. पण त्याच ओळीत शेवटी, १८ जून १९४१ ला, बिली कॉन उभा होता. लुईसपेक्षा अंगाने कितीतरी हलका, लाइट हेवीवेटमधून वर आलेला. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांकडे तोच पुढे होता. तेराव्या फेरीचे दोन सेकंद उरले असताना लुईसने त्याला पाडलं नसतं, तर विजेतेपद गेलं असतं. लुईसच्या यादीत दुबळी नावं आहेत, पण ‘हा का नाही?’ असं विचारावं असं नाव तिथे सापडणं कठीण. जो कोणी समोर उभा राहण्याच्या लायकीचा होता, तो उभा राहिला. विजेत्याला जोखताना ही बाजू मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. यादीत कोण आहे यापेक्षा यादीत कोण नाही, हे आधी बघावं.

या कसोटीवर जॅक डेम्प्सी बघा. तो १९१९ ते १९२६ हेवीवेटचा विजेता होता. १९२३ च्या सप्टेंबरात लुईस फिर्पोला हरवल्यावर तीन वर्षं त्याने विजेतेपद पणाला लावलंच नाही. त्या सगळ्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर रांगेत होता. करार झाले, बोलणी झाली, लढत झाली नाही. चार्ली बर्लीला तर आयुष्यभर विजेतेपदाची एकही संधी मिळाली नाही. आर्ची मूरला १९५२ च्या डिसेंबरात ती मिळाली, तोवर त्याची ऐन उमेद सरली होती. चार्ल्सने याच मूरला चाळीसच्या दशकात तीनदा हरवलं होतं आणि लाइट हेवीवेटच्या विजेतेपदासाठी चार्ल्सला कधीच लढायला मिळालं नाही. या माणसांना कातडीच्या रंगामुळे बाहेर ठेवलं गेलं. तो कलंक तुमच्या आधीच्या जमान्याचा. १९२१ मध्ये स्थापन झालेली आणि १९६२ मध्ये नाव बदललेली संस्था मात्र तुमच्यापैकीच एक आहे, म्हणून वारसा सांगताना हाही सांगावा लागेल.

आता तुमच्या स्वतःच्या जमान्याकडे येऊ.

नव्वदच्या दशकात रॉय जोन्स ज्युनियर हा बहुधा जगातला सर्वांत देखणा बॉक्सर होता. हात खाली सोडून, उड्या मारत, कोणत्याही कोनातून ठोसा मारणारा. बर्नार्ड हॉपकिन्सला त्याने १९९३ मध्ये हरवलं, जेम्स टोनीला १९९४ मध्ये. त्यानंतर तो लाइट हेवीवेटला गेला आणि आव्हानवीरांचा दर्जा घसरत गेला. त्यांच्यात न्यूयॉर्कचा एक नोकरीतला पोलीसही होता. त्याच काळात जर्मनीत दारियुश मिखाल्चेव्स्की नावाचा विजेता होता, ४८ लढती न हरलेला. त्याने १९९७ मध्ये व्हर्जिल हिलला हरवून एका रात्रीत तीन संघटनांची विजेतेपदं एकत्र केली होती. तीन पट्टे एका माणसाकडे, म्हणजे खरा विजेता कोण हे जवळजवळ स्पष्ट झालं होतं. पण डब्ल्यूबीए आणि आयबीएफचे पट्टे त्याच्याकडे टिकले नाहीत. पुढे तेच दोन्ही पट्टे १९९८ आणि १९९९ मध्ये जोन्सच्या कमरेला आले. त्याने ते ज्यांच्याकडून जिंकले त्यांत मिखाल्चेव्स्की नव्हता. मग दोघंही विजेते, एक फ्लोरिडात, एक हॅम्बुर्गला. दोघांची लढत कधीच झाली नाही. २००३ मध्ये मिखाल्चेव्स्की हरला आणि विषयच संपला.

या प्रकरणात जोन्सला भित्रा म्हणणारे पुष्कळ भेटतील, मिखाल्चेव्स्कीला घरकोंबडा म्हणणारेही. मला दोघांचाही राग येत नाही. एका वजनगटात एकच विजेता असता तर दोघांना एकमेकांसमोर यावंच लागलं असतं. तुम्ही दोघांनाही वेगवेगळे पट्टे देऊन न भेटण्याची सोय करून दिलीत. आज जोन्सच्या कारकिर्दीत जी रिकामी जागा दिसते ती अर्धी तरी तुमची आहे.

वेल्सच्या जो कॅल्झागीवरून आणखी एक गोष्ट सांगतो. सुपर मिडलवेटला त्याने २१ वेळा विजेतेपद राखलं, पण बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की याने हरवलं कोणाला? ४ मार्च २००६ ला मँचेस्टरमध्ये त्याच्यापुढे अमेरिकेचा जेफ लेसी आला. अपराजित, आयबीएफचा विजेता, दंडात जबरदस्त ताकद. जाणकारांपैकी अनेकांना तोच जिंकेल असं वाटत होतं. कॅल्झागीने बारा फेऱ्या त्याला असं काही झोडपलं की एखादीच फेरी लेसीला द्यावी की नाही असा प्रश्न पडला. आणि दुसऱ्या दिवसापासून सूर निघाला की लेसी मुळात फार काही नव्हताच! लेसी पुन्हा पहिल्यासारखा कधी लढला नाही हे खरं. पण त्याला तसा करून सोडला तो कॅल्झागीनेच. प्रतिस्पर्ध्याला नीट हरवलं की त्याची किंमतच उतरते आणि हरवणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, असा हा उफराटा न्याय. म्हणून प्रतिस्पर्ध्याचं मोल लढतीच्या आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं, निःपक्षपाती हाताने. क्रमवारीचा खरा उपयोग हाच. ती विश्वासार्ह असती तर २००६ च्या मार्चमध्ये लेसी कोण होता यावर नंतर कोणी वाद घातला नसता. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅल्झागीने आयबीएफचा पट्टा सोडला, कारण त्याला तुमच्या सक्तीच्या आव्हानवीराशी न लढता टीव्हीवरच्या स्पर्धेतून पुढे आलेल्या एका बॉक्सरशी लढायचं होतं. तो निर्णय मला तेव्हाही आवडला नव्हता. पण सक्तीच्या आव्हानवीराचं नाव ऐकून प्रेक्षकांची मान हलली असती, तर त्याला तो निर्णय घेणं जड गेलं असतं.

तुमच्या क्रमवारीवर विश्वास का नाही, हे मला सांगायला नको, पण सांगतो. ऑक्टोबर २००० मध्ये वारलेला डॅरिन मॉरिस हा बॉक्सर २००१ मध्ये डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट यादीत होता, आणि मरणानंतर तो सातव्यावरून पाचव्या क्रमांकावर चढला होता. न लढता वर चढता येतं, हे त्या एका यादीने सिद्ध केलं. आयबीएफच्या संस्थापक अध्यक्षांवर १९९९ मध्ये आरोप ठेवले गेले, त्यात प्रवर्तकांकडून क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. न्यायालयात लाचेच्या मुख्य आरोपांतून ते सुटले, पण काळ्या पैशाचे व्यवहार आणि करचुकवेगिरी यांसाठी दोषी ठरले आणि २२ महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यात बॉब अ‍ॅरम या प्रवर्तकाने साक्ष दिली की जॉर्ज फोरमन आणि अ‍ॅक्सेल शुल्झ यांच्या १९९५ च्या लढतीला मान्यता मिळावी म्हणून आपण एक लाख डॉलर दिले. म्हणजे विजेत्याच्या समोर कोण येणार याला बाजारात भाव होता आणि तो एका साक्षीदाराने शपथेवर सांगितला.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. मग २०२३ घ्या. ऑक्टोबरच्या २८ तारखेला रियाधमध्ये टायसन फ्युरीसमोर फ्रान्सिस एनगानू आला. मिश्र मार्शल आर्ट्सचा मोठा विजेता, पण व्यावसायिक बॉक्सिंगची त्याची ही पहिलीच लढत. त्याने फ्युरीला एकदा पाडलं, गुणांवर थोडक्यात हरला. माणूस धीराचा, यात शंका नाही. पण त्यानंतर डब्ल्यूबीसीने त्याला हेवीवेटच्या पहिल्या दहांत घातलं. एक लढत, तीही हरलेली. पुढच्या मार्चमध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं. दहावं स्थान मिळवायला दहा-बारा वर्षं छोट्या सभागृहांत मार खाणाऱ्या मुलांनी या यादीकडे बघून काय समजायचं? २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने आपली पन्नासावी लढत जिंकली आणि मार्सियानोचा ४९ चा आकडा ओलांडला, तोही कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध, ज्याची ती बॉक्सिंगमधली पहिली लढत होती. त्या लढतीसाठीही डब्ल्यूबीसीने खास पट्टा बनवून दिला. मेवेदर फार मोठा बॉक्सर आहे. त्याने डिएगो कोराल्सला, ऑस्कर दे ला होयाला, ह्वान मॅन्युएल मार्केझला आणि सॉल अल्वारेझला हरवलं आहे. त्याला त्या पन्नासाव्याची गरजच नव्हती. अपराजित आकड्याची ही पूजा तुम्ही वाढवलीत. अली पाच वेळा हरला, शुगर रे लिओनार्ड दुरानकडून हरला आणि पाच महिन्यांनी पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. त्यांच्या पराभवांची नावं वाचली तरी त्यांची उंची कळते.

जोड चुकली तर बिघडतं कोणाचं, हेही बोलायला हवं. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसच्या मोकळ्या मैदानावर रे मॅन्सिनीसमोर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लढला. डब्ल्यूबीएने त्याला लाइटवेटचा पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर ठरवलं होतं; कोरियाबाहेर त्याला फारसं कोणी पाहिलं नव्हतं. वजन उतरवताना त्याचे हाल झाले होते. तो अफाट हिमतीने लढला, चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत वारला. क्रमवारीमुळे तो गेला असं मी म्हणणार नाही. अव्वल दर्जाच्या दोन बॉक्सरांतही असं घडलं आहे. पण कोणाला पहिला क्रमांक द्यायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात कोणाचा तरी मेंदू असतो, एवढं तरी त्या दिवसापासून विसरता येऊ नये. आणि त्या मृत्यूनंतर लगेच डब्ल्यूबीसीने विजेतेपदाची लढत १५ ऐवजी १२ फेऱ्यांची केली. बाकीच्या संघटना काही वर्षांत त्याच वाटेने आल्या. म्हणजे मनात आणलं तर तुम्ही बदलता, आणि तुम्ही बदललात की सगळा खेळ बदलतो. या पत्राला आशा आहे ती त्यामुळेच.

आमच्या भागातही तुमच्या पट्ट्यांची सावली पडली आहे. बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. २०१६ मध्ये दिल्लीत त्याने डब्ल्यूबीओचं आशिया-पॅसिफिक विजेतेपद घेतलं. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवून ओरिएंटल पट्टाही घेतला. त्या दिवसांत भारत आणि चीन यांच्यात डोकलामच्या सीमेवरून ताण होता. जिंकल्यावर त्याने तो पट्टा प्रतिस्पर्ध्याला परत द्यायची तयारी दाखवली. तो मोठ्या मनाचा क्षण आम्ही विसरलेलो नाही. लढती जिंकत जिंकत बारा झाल्या. मग १९ मार्च २०२१ ला पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाचा आर्तिश लोपसान त्याच्यासमोर आला. विजेंदर वर्षभराहून अधिक काळ रिंगबाहेर होता, हे धरावं लागेल. लोपसानच्या नावावर तोवर सहाच लढती होत्या, त्यातली एक हरलेली, एक बरोबरीची. उंच, लांब हातांचा, शांत. पाचव्या फेरीत त्याने लढत संपवली. मला विजेंदरबद्दल आदरच आहे. या देशात व्यावसायिक बॉक्सिंगला प्रेक्षक त्याने आणले. पण बारा विजय आणि दोन प्रादेशिक पट्टे जे सांगू शकले नाहीत ते सहा लढतींच्या एका मुलाने पाच फेऱ्यांत सांगितलं. तुमचे प्रादेशिक पट्टे जागतिक क्रमवारीचं दार उघडतात. त्या दाराशी कोण तपासणी करतं?

हरियाणात, मणिपूरमध्ये, पुण्या-मुंबईतही आज मुलं-मुली हातमोजे चढवतात. त्यांतला कोणी व्यावसायिक होईल तेव्हा त्याच्या भल्याचं काय, तर त्याला पायरी-पायरीने वरचढ होत जाणारे प्रतिस्पर्धी मिळावेत. सोपे विजय देऊन फुगवलेल्या मुलाचा पुढे एका रात्रीत चुराडा होतो, आणि त्याला फुगवणारे तेव्हा दुसऱ्याच मुलाच्या मागे लागलेले असतात.

तुमची अडचण मला माहीत आहे. विजेतेपदाच्या प्रत्येक लढतीमागे बॉक्सरच्या मानधनातून साधारण तीन टक्के तुमच्याकडे येतात. पट्टे जितके जास्त, तितक्या लढती जास्त. म्हणून एकाच गटात एकाच संघटनेचा ‘सुपर’ विजेता, ‘रेग्युलर’ विजेता, ‘अंतरिम’ विजेता असे प्रकार निघाले. पन्नासच्या दशकात आठ गट होते आणि विजेते जवळपास तेवढेच. आज सतरा गट गुणिले चार संघटना, वर हे जादा पट्टे. प्रवर्तक आणि टीव्हीवाले लढती जुळवतात, आम्ही नाही, हेही तुम्ही म्हणाल. ते अंशतः खरं आहे. पण ते आपला माल खपवतात ‘जागतिक विजेतेपद’ या शिक्क्यावर, आणि शिक्का तुमचा.

१८ मे २०२४ ला ओलेक्सांडर युसिकने फ्युरीला हरवलं तेव्हा हेवीवेटमध्ये पंचवीस वर्षांनी एकच निर्विवाद विजेता झाला. आम्ही भारतात पहाटेपर्यंत जागलो. असं वाटलं, आता प्रश्न मिटला. पाच-सहा आठवड्यांत आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण सक्तीच्या आव्हानवीराची वेळ भरली होती आणि फ्युरीशी परतीची लढत करारात होती. तो पट्टा डॅनियल डुबॉइसला मिळाला, रिंगबाहेर. युसिकनेच त्याला २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवव्या फेरीत हरवलेलं होतं! डुबॉइसने पुढे जोशुआला लोळवून पट्ट्याला शोभेशी कामगिरी केली, हे त्याचं कर्तृत्व. २०२५ च्या जुलैत युसिकने त्याला पुन्हा, पाचव्या फेरीत हरवलं आणि सगळं होतं तिथे आलं. मधल्या काळात खेळाच्या हाती काय लागलं?

मागणी फार नाही. चारही पट्टे एकाकडे आले की तुम्ही चौघांनी बसून एकच आव्हानवीर ठरवावा आणि विजेत्याला त्याच्याशी लढायला पुरेसा अवधी द्यावा. सक्तीचा आव्हानवीर होण्यासाठी पहिल्या पाचांतल्या निदान एकाला हरवलेलं असलंच पाहिजे, हा नियम अपवाद न करता पाळावा. चांगल्या माणसाकडून अटीतटीने हरलेल्याला यादीत खाली ढकलू नये, म्हणजे आकडा जपण्यासाठी लढती टाळण्याची भीती कमी होईल. अंतरिम आणि तत्सम पट्टे बंद करावेत. आणि प्रत्येक क्रमांकाशेजारी तो का दिला याची दोन ओळींची नोंद असावी. अमेरिकेत २००० मध्ये झालेला अलींच्या नावाचा कायदा क्रमवारीचे निकष लेखी ठेवायला आणि बदलांची कारणं द्यायला सांगतोच. मी त्याहून फार पुढचं काही मागत नाही. ते मनापासून, सगळ्या जगासाठी करावं एवढंच म्हणतो.

सुरुवात एका कागदाने होईल. सतराही गटांत आज तुमच्याकडे जो पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर आहे, त्याने गेल्या दोन वर्षांत पहिल्या पंधरांतल्या कोणाकोणाला हरवलं, कुठे, कोणत्या फेरीत किंवा किती गुणांनी, आणि त्या हरलेल्याने त्याआधी कोणाला हरवलं होतं, एवढी यादी चौघांनी आपापल्या नावाने प्रसिद्ध करावी. ज्याच्यासमोर लिहायला काही नसेल तिथे जागा कोरी सोडा आणि पुढच्या महिन्यात त्याला खाली आणा. त्या यादीची मी वाट पाहतो आहे.

आपला,
महाराष्ट्रातला एक बॉक्सिंगप्रेमी